राक्षसाची चिठ्ठी

मी मुलांसाठी लिहिते म्हणून लोकांना वाटतं, बाईच्या जिभेवर साखर असेल. घरच्यांना विचारा! बासष्ट वर्षांची झाले तरी राग नाकावरून खाली उतरायचं नाव घेत नाही. हे आधीच सांगते, कारण त्या शाळेत मी जे केलं त्यातलं निम्मं रागाच्या भरात केलं. उरलेलं निम्मं मूर्खपणाने केलं.

माझी एक पद्धत आहे. शाळेत वाचायला जायच्या आदल्या दिवशी मी मुलांकडून बिननावाच्या चिठ्ठ्या मागवते. विषय एकच, 'तुमचा राक्षस कसा आहे?' सकाळी चहा पिता पिता त्यातल्या चार-पाच निवडायच्या आणि वाचताना गोष्टीत गुंफायच्या. आपलं वाक्य लेखिकेच्या तोंडून ऐकलं की मुलं नुसती हरखून जातात.

त्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत बसून मी चिठ्ठ्या चाळत होते. बहुतेक राक्षस हिरवे, सहा हातांचे, नाक गळणारे. मग ही हाताला लागली.

'आमचा राक्षस आधी खिडक्या लावतो. मग नळ मोठा सोडतो, म्हणजे शेजारी आवाज जात नाही. तो आईला तोंडावर मारत नाही. तोंड लोकांना दिसतं.'

"वा!" मी टेबलावर थाप मारली. "काय बारकावा आहे बघा! मला जन्मात सुचला नसता."

मुख्याध्यापिकाबाईंनीही चिठ्ठी वाचून कौतुकाने मान डोलावली. दोघींनी आख्खा जन्म मुलांमध्ये काढलेला, आणि एकीच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. अक्कल काय गहाण टाकली होती आम्ही?

सभागृहात दोनशे मुलं बसली होती. रांगा खेळाच्या सरांनी लावल्या होत्या. उंच, हसरा माणूस, गळ्यात शिट्टी. मुलं लाडाने त्यांना पैलवान म्हणायची. मी ती चिठ्ठी अगदी रंगवून वाचली. खिडक्या लावायचे हातवारे केले, नळाचा आवाज तोंडाने काढला. मुलं खो खो हसली आणि मला आणखी चेव आला.

"कुणाची आहे ही चिठ्ठी? उभं राहा, टाळ्या वाजवू या!"

कुणीच उठेना. तिसऱ्या रांगेतल्या मुलींनी एका बारक्या पोरीला ढोसलं. "हिची, हिची! चिठ्ठ्यांच्या डब्यात टाकताना आम्ही वाचली!"

ती उठली. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, खेळाच्या सरांकडे बघत होती. तिच्या पायाखालची फरशी ओली झाली.

"माझीच लेक," सर हसत म्हणाले. "कल्पनाशक्ती जरा जास्तच आहे. चल बाळा, कपडे बदलू या." त्यांनी तिची मान धरली आणि तिला बाहेर नेलं.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. हातातलं पुस्तक टाकून मी धावत सुटले.

खेळाच्या सामानाच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत त्याने तिचे केस मुठीत धरले होते आणि तिचं डोकं लोखंडी कपाटावर आपटत होता. "कुणाला सांगितलंस? आणखी कुणाला सांगितलंस?" पोर रडतही नव्हती. तिला सवय होती, मेल्याने सवय लावली होती तिला!

कोपऱ्यातली हॉकीची काठी मी उचलली आणि त्याच्या कानावर हाणली. तो वळला. त्याचा ठोसा माझ्या तोंडावर बसला, चष्मा फुटला, दोन दात जिभेवर आले. मी पुन्हा मारलं, गुडघ्यावर, मग मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज आला आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

शिपाईमामांनी मला मागून धरलं म्हणून थांबले, नाहीतर त्याला तिथेच आडवा केला असता. पोरीला उचलून आम्ही ऑफिसात आणलं, दाराला कडी घातली. मुख्याध्यापिकाबाईंनी पोलिसांना फोन लावला. मी रक्त थुंकत होते आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

"सर कुठे आहेत?" पोरीने विचारलं. शाळेत बापाला सरच म्हणायचं, असा तिला दंडक होता.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. त्याच्यावर लक्ष ठेवायला कुणी थांबलंच नव्हतं.

"घरी आई एकटी आहे," पोर म्हणाली.

मुख्याध्यापिकाबाईंची गाडी काढून आम्ही सगळे निघालो. घर दोनच गल्ल्या पलीकडे होतं. खिडक्या बंद होत्या. नळाचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

शिपाईमामांनी तिसऱ्या लाथेला दार तोडलं. मोडलेलं मनगट पोटाशी धरून तो दुसऱ्या हाताने पट्टा चालवत होता. मामा त्याच्या अंगावर पडले, शेजारचे दोघे धावत आले, तेव्हा कुठे तो खाली पडला. आज त्याने तोंडही सोडलं नव्हतं. पोरीच्या आईचा एक डोळा पार मिटला होता, ओठ फाटला होता, हात खांद्यातून लोंबत होता. पोर जाऊन तिला बिलगली.

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. तिने उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं.

"तुम्हीच ना त्या, पुस्तकं लिहिणाऱ्या?"

मी मान हलवली.

"चिठ्ठी मीच लिहून घेतली हिच्याकडून," ती अडखळत म्हणाली. "शाळेत सगळे त्यांच्याच ओळखीचे. म्हटलं, बाहेरच्या बाई येताहेत, त्या गुपचूप काहीतरी करतील." श्वास घेताना तिला कळ आली. "पण मग यांना कुणी सांगितलं?"

"मी," मी म्हणाले. "माइकवरून."