फुलांवरचा आळ

सिहेमने खोलीच्या खिडक्या सताड उघडल्या, लेकीचा हात धरला आणि तिला थेट गच्चीवर नेलं. तिथे चादरीवर नारिंगाच्या फुलांचा ढीग पडला होता, अर्क काढायचं तांब्याचं भांडं गॅसच्या शेगडीवर चढलं होतं, आणि समोरच्या स्टुलावर सिहेमची नणंद मुंजिया वासावरून अर्क राखायला दरवर्षीसारखी ठाण मांडून बसली होती.

"हिला कशाला वर आणलंस? फुलं बाधतात ना?"

"नाही बाधत, वन्सं. बसू दे."

"आमच्या घरात एकेकाचं नाक काय होतं, बाई! हिचं म्हणजे नुसतं शोभेचं." मुंजियाने रुमालाने स्वतःचं नाक टिपलं. "मेलं हे ऊन."

दहा वर्षांची दोर्साफ आईला चिकटून बसली.

ट्यूनिसमध्ये एप्रिल आला की घरोघरी हा अर्क निघतो. आणि एप्रिल आला की दोर्साफला फुलांपासून वाचवायला खोलीत कोंडून लोकरीच्या गादीवर निजवत. पोरगी आणखी शिंकायची, मग घरचे आणखी एक फट बुजवायचे. सगळे शहाणे! हिवाळ्यात डॉक्टरांनी तिच्या हातावर थेंब टाकून टोचून पाहिलं. फुलांच्या थेंबाखाली काहीच उठलं नाही. अंथरुणातल्या धुळीत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांच्या थेंबाखाली मात्र हरभऱ्याएवढी गांधी उठली.

गादी सिहेमच्या रुखवतातली होती. तिची लोकर आईने समुद्रावर धुऊन स्वतः पिंजलेली. सिहेम ढसाढसा रडली, पण गादी घराबाहेर काढली. 'आईची माया उकिरड्यावर टाकली' म्हणून मुंजियाने महिनाभर अबोला धरला होता. आज पोरगी शिंकली असती तर मुंजियाचंच खरं ठरलं असतं, आणि खिडक्या पुन्हा बंद.

नळीतून थेंब थेंब अर्क बाटलीत उतरत होता. मुंजिया भांड्याकडे कान लावून बसली होती.

"आत्या, करपतंय," दोर्साफ म्हणाली.

"गप्प बस. मला कळत नाही का?"

"खरंच करपतंय! खालून. साखर लागते ना, तसा वास येतोय."

सिहेमला काहीच वास येत नव्हता. तरी तिने झटकन गॅस बंद केला आणि झाकण उचललं. पाणी आटलं होतं, तळाची फुलं कडेने तांबूस झाली होती. अजून दोन मिनिटं गेली असती तर सगळा अर्क वाया गेला असता. बाटलीतला मात्र नितळ होता.

सिहेमला आनंद आवरेना. लग्नात काढतात तसा जीभ नाचवत तिने लांबलचक चीत्कार काढला. काय झालं ते न विचारताच शेजारच्या गच्चीवरच्या बायकांनी तो उचलून धरला. दोर्साफ लाजून लाल झाली, पण शिंकली नाही.

मुंजिया उठली. दोर्साफच्या खांद्याला धरून तिने तिला आपल्या स्टुलावर बसवलं आणि ती जिना उतरू लागली. सिहेम मागोमाग गेली.

"वन्सं, रागावलात?"

मुंजिया पायरीवर थांबली. रुमाल तिच्या मुठीत चुरगळला होता.

"मला वासच येत नाही गं. किती वर्षं झाली. भांड्याच्या आवाजावर निभावते." मग हळूच म्हणाली, "माझीही गादी लोकरीचीच आहे. तुझा तो डॉक्टर म्हाताऱ्या बायकांना तपासतो का?"

"उद्याच जाऊ."

"जाऊ. पण माझ्या भावाला बोलू नकोस हं."