घड्याच्या तोंडाशी

मी कोळीण बोलतेय. थळच्या कोळीवाड्यात असं म्हटलं की डोक्यावर टोपली घेतलेली बाई डोळ्यांपुढे येईल. मी आठ पायांची, घटपर्णीच्या झाडावर जन्मलेली.

हे झाड नीराबाईच्या पडवीत डब्यात टांगलेलं. पानांच्या टोकांना छोटे घडे, घड्यांत पाणी. मुंगी कडेवरून घसरली की गेलीच आत. तेच झाडाचं जेवण. मी घड्याच्या तोंडाशी धागा बांधून त्यातली एखादी उचलते. तळाशी डासांच्या अळ्या वळवळतात. आमचा सगळ्यांचा संसार तिथेच.

नीराबाईचा मुलगा चंदर बोटीवर खलाशी. त्याने हे कोलंबोहून आणलं आणि परत बोटीवर जाताना, नीट ठेव, एवढंच म्हणाला. तिने ते मनावर घेतलं. गोडं पाणी लांबून डोक्यावरून आणायचं, तरी पहिला तांब्या झाडाला. सून कमळ त्यावरून हसायची. कमळला दिवस गेले होते. घरात उकडतं म्हणून ती आमच्या खालीच, पडवीत निजायची.

साल छप्पन्न. हिवतापाच्या औषधाची फवारणी करणारे गावात आले. किडे मेले तर झाड उपाशी मरेल, या भीतीने नीराबाई त्यांना आडवी गेली.

"घरात मारा. इकरं नको. माज्या पोराची ठेव हाय ती."

त्यांनी पुष्कळ समजावलं, मग कंटाळून घरातल्या भिंती तेवढ्या फवारल्या आणि पुढे गेले. मला तेव्हा आनंदच झाला.

पाऊस सरता सरता कमळला हुडहुडी भरून ताप आला. काढे झाले, अंगारा झाला. शेवटी शेजारच्या शिवदासने गाडीला बैल जुंपले आणि तिला अलिबागला नेलं. दिवस अगदी भरत आले होते. नीराबाई परतली ती एकटीच, काखेत कमळची गोधडी घेऊन. मूलही राहिलं नव्हतं.

चंदर आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं, फवारणीचंही. ताप कुठल्या डासाने दिला ते कोण सांगणार? पण तिने दोष स्वतःच्या माथी घेतला होता. चंदरने झाडाकडे बोट केलं.

"आये, बंदरात कुनीतरी फेकलेलं उचललं होतं ते. मी इसरलो पन होतो."

तेव्हापासून झाडाला पाणी नाही. घडे एकेक करून तपकिरी पडले, अळ्या सुकल्या. चंदर पुन्हा बोटीवर गेला.

आज फवारणीवाले परत आलेत. नीराबाईनेच त्यांना हाक मारली.

"पयलं इकरं मारा," ती म्हणाली.

औषधाचा पांढरा ओघळ भिंतीवरून उतरतोय. माझी अंडी एका घड्याच्या पाठीला चिकटलेली आहेत, ती टाकून मला जाता येत नाही. धागा भिजलाय. पुढचे पाय थरथरतात, धरवत नाही.

तिच्यावर माझा राग नाही. एकच मागणं आहे, तिला कुणीतरी आत न्या. ते लोक तिला बाजूला व्हायला सांगतायत, आणि ती कमळ निजायची त्या जागेवरून हलत नाही.