चिखलातला सेहेचाळीस

"पडदा ओढू का? बर्फावरची तिरीप येतेय डोळ्यांवर," मार्लिसने विचारलं.

"राहू दे. फार वेळ बसायचं नाहीये मला."

"हो ना. तू घरून निघतानाच 'नाही' खिशात घालून निघालायस."

दुपारच्या जेवणाची ताटली बाजूला सारून व्हर्लिन हॉगनने टेबलावर लॅपटॉप उघडला आणि शेजारी आपला जुना तक्ता ठेवला. पेन्सिलीने भरलेला, कडा पिवळ्या पडलेला. खिडकीजवळच्या खुर्चीत मार्लिसचा नवरा, एमेट टोलेफसन, मांडीवर हात ठेवून बसला होता. या वृद्धाश्रमात येऊन त्याला तिसरं वर्ष लागलं होतं आणि ही रोज येणारी बाई कोण, हे त्याला दोन वर्षांपासून ठाऊक नव्हतं.

व्हर्लिनने आयुष्यभर गावच्या धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळला. पण गावात त्याची ओळख वेगळी होती. अडतीस वर्षं, पानगळीतल्या दर शनिवारी, केल्विक कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर वरच्या काचेच्या खोलीत बसून तो दुर्बिणीतून पकडी सांगत असे, म्हणजे चेंडूवाल्याला कुणी पाडलं ते, पाठीवरच्या आकड्याने. "एकोणपन्नासची पकड. बेचाळीसची साथ." तो बोलायचा, शेजारचा लिहायचा. लिहिलं गेलं तेच घडलं, असं पुढे सगळे धरून चालायचे. व्हर्लिनही.

उद्या मैदानाच्या दरवाजाजवळच्या दगडी भिंतीवर कॉलेजच्या इतिहासातल्या पाच सर्वश्रेष्ठ लाइनबॅकरांच्या पाट्या लागणार होत्या. लाइनबॅकर म्हणजे आपल्या फळीच्या दोन पावलं मागे उभा राहणारा गडी. समोरच्याच्या मनातलं ओळखायचं आणि चेंडू घेऊन येणाऱ्याला आडवं करायचं, हे त्याचं काम. क्रम एकूण पकडींवर ठरला होता. पहिला डेल क्रीगर. एमेट सहावा, पाचव्यापेक्षा फक्त चार पकडी कमी.

"चिखलाच्या सामन्यातल्या माझ्या पकडी हॉगनने डेलला दिल्या," असं एमेट म्हणायचा, म्हणता येत होतं तोवर. मार्लिसने ते कॉलेजला कळवलं. कॉलेजने सांगितलं, हॉगनने आज संध्याकाळी पाचपर्यंत दुरुस्त तक्ता सही करून दिला तर पाचवी पाटी बदलू.

"तक्ता वाच," मार्लिस म्हणाली.

"एकोणपन्नास, क्रीगर. तेवीस पकडी. सेहेचाळीस, टोलेफसन. चार."

"त्या चार कधीच्या?"

व्हर्लिनने बोट फिरवलं. "पहिल्या डावातल्या."

"आणि पुढच्या तीन डावांत एकही नाही. चिखल झाला आणि माझा नवरा काय मैदानातून उडून गेला?"

"मार्लिस, मला दिसलं ते मी सांगितलं."

"तेच तर. काय दिसलं?"

त्याने त्या सामन्याची चित्रफीत सुरू केली. गच्चीवरून घेतलेली, आवाज नसलेली. पहिल्या डावात पाठीवरचे आकडे वाचता येत होते. व्हर्लिन पडद्याकडे पाहत होता. मग खुर्चीच्या बाजूने काहीतरी हललं म्हणून त्याने मान वळवली.

एमेटची डावी टाच उचलली गेली होती. पडद्यावर चेंडू अजून हललाही नव्हता. टाच टेकली, खांदा उजवीकडे झुकला, आणि त्यानंतर क्षणभराने पडद्यावरचा सेहेचाळीस उजवीकडे धावला आणि त्याने चेंडूवाल्याला खाली घेतलं.

"असं नेहमी करतो?"

"नाही," मार्लिस हळूच म्हणाली. "चमचासुद्धा सांगितल्याशिवाय उचलत नाही तो."

पुढच्या तिन्ही पकडींना तेच झालं. डेलच्या पकडीला मात्र एमेट पाय ओढून थांबायचा, आणि पडद्यावरचा सेहेचाळीसही तसाच थांबलेला दिसायचा. व्हर्लिन काट्यावरचा माणूस होता. एकदा तोलून त्याचं समाधान होत नसे. त्याने लॅपटॉप उचलला आणि पडदा एमेटला दिसणार नाही असा भिंतीकडे वळवून ठेवला. खिडकीच्या काचेत प्रतिबिंब पडतंय का, ते एमेटच्या डोक्याजवळ डोकं नेऊन पाहिलं. बाहेर पांढरं शेत आणि कुंपण, एवढंच होतं.

मग तो भिंतीजवळ उभा राहिला. एक डोळा पडद्यावर, एक एमेटवर.

दुसरा डाव. पाऊस. आता पडद्यावर आकडे नव्हते, रंग नव्हते. बावीस मातीचे गडी. एमेट शेताकडे पाहत बसला होता. त्याची टाच उचलली गेली.

चेंडू हलला. मातीचा एक गडी उजवीकडे सुटला.

"एक," व्हर्लिन म्हणाला.

मार्लिसने त्याचा कोट खुर्चीवरून उचलून त्याच्या खांद्यांवर टाकला. खोलीत हीटर चालू होता, तरी तो कुडकुडत होता. तिसरा डाव, चौथा डाव. तो पेन्सिलीने तक्त्यावर खुणा करत गेला. पाच. आठ. दहा. एमेट आता घामाघूम झाला होता. बसल्या जागी त्याचा श्वास धावणाऱ्याचा झाला होता, चेहरा मात्र शांत, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

"थांबवू?"

"किती राहिलं?"

"थोडंच."

अकरावी पकड समोरासमोरची होती. डोक्याला डोकं. खुर्चीत एमेटची मान खाडकन मागे गेली. पडद्यावर मातीचा गडी पडून राहिला. मग उठला, चार पावलं चालला आणि सरळ समोरच्या संघाच्या कोंडाळ्यात जाऊन उभा राहिला. त्यांच्यापैकी कुणीतरी त्याला खांद्याला धरून अलगद फिरवलं आणि परत पाठवलं.

व्हर्लिनला तो क्षण आठवत होता. वरच्या खोलीत सगळे हसले होते. "बघा, डेल पाहुणचाराला निघाला," असं तो स्वतःच म्हणाला होता. दुर्बिणीतून त्याला एकोणपन्नासच दिसत होता, कारण त्या वर्षी प्रत्येक पकडीला तो एकोणपन्नासच बघायला बसत असे.

एमेट खुर्चीतून उठला. चार पावलं चालला. खोलीच्या कोपऱ्यात, कपाट आणि भिंत यांच्यामध्ये, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"हे मात्र रोजचं आहे," मार्लिस म्हणाली. "रोज दुपारी. नर्स म्हणते, म्हाताऱ्यांना कोपरे आवडतात."

व्हर्लिनने बेरीज केली. दोनदा केली. "क्रीगर बारा. टोलेफसन पंधरा." सही केली, तारीख घातली आणि तक्ता तिच्या हातात दिला. "साडेचार झालेत. मी फोन करतो. पाचवी पाटी त्याची."

मार्लिस वाचत राहिली. "व्हर्लिन, त्या सोमवारी काय झालं होतं?"

"कुठल्या?"

"सामन्यानंतरच्या. प्रशिक्षकांनी हाच कागद वाचला ना? तेवीस पकडी करणारा पोरगा पिळून निघाला असेल, म्हणून डेलला आठवडाभर बसवलं. आणि चारवाल्याला?"

व्हर्लिनला उत्तर माहीत होतं. कागदावर चारवाला ताजातवाना होता. सोमवार, मंगळवार, बुधवार, पूर्ण टकरींचा सराव. डेल आजही एकटा जंगलात हरणाच्या शिकारीला जातो. उद्या भिंतीसमोर भाषणही तोच करणार होता.

"एमेट तेव्हा काही बोलला नाही," तो म्हणाला.

"बोलला होता. मला म्हणाला, डोक्यात मधमाश्या आहेत. मी म्हटलं, कागदावर तर चारच आहेत, कशाला लाड करतोस." तिने तक्ता नीट चार घड्यांत दुमडला. "कागदावर माझाही विश्वास होता रे."

तिने घडी टेबलावर ठेवली.

"फोन कर," ती म्हणाली. "पाटी लागू दे. पण मी येणार नाही उद्या."

व्हर्लिनने फोन केला. त्याने नाव एकेक अक्षर करून सांगितलं. मग पलीकडच्या माणसाला ते परत वाचून दाखवायला लावलं.

एमेट अजून कोपऱ्यातच होता. त्याचा उजवा हात बाजूला लांबला होता, बोटं उघडी, शेजारच्याने धरावी तशी. पुढची चाल ऐकताना केल्विकचे गडी कोंडाळ्यात एकमेकांचे हात धरून उभे राहतात. व्हर्लिन जवळ गेला. त्याला फिरवावं म्हणून त्याने खांद्याला हात लावला, पण खांदा दगडासारखा होता. मग त्याने तो लांबलेला हात धरला. पकड विशीतल्या पोराची होती.

"काय सांगितलंय?" एमेटने भिंतीकडे बघतच विचारलं. स्वच्छ, घाईच्या आवाजात.

अडतीस वर्षं व्हर्लिनने ते कोंडाळं वरून पाहिलं होतं. आत काय सांगतात, ते त्याने कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"काय सांगितलंय?"

मार्लिस उठली, भिंत आणि कपाट यांच्यामध्ये अंग चोरून शिरली आणि तिने एमेटचा दुसरा हात धरला. तिघेही मान खाली घालून उभे राहिले.