खालून पाहिलेली खुर्ची

मला कुणी काही फुकट देऊ लागलं की मी आधी त्याची शिवण उलटी करून बघते. ही गोष्ट घडली तेव्हा लोकांचे सोफे उसवून दुरुस्त करताना मला बावीस वर्षं झाली होती. वरून मखमल आणि आत कुजका काथ्या, असं इतक्यांदा निघालेलं की माणसांवरही विश्वास बसायचा नाही. त्यामुळे शेजारच्या ड्रायक्लीनवालीने चित्रशाळेचा फॉर्म आणला आणि म्हणाली, "दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे, फी नाही, रंग-कागद त्यांचेच, फक्त नऊ जागा," तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकलीच. फी नाही म्हणजे काय? कुठेतरी पाणी मुरत असणार.

पण भिंगरीने फॉर्म माझ्या हातातून हिसकावला आणि दुकानभर नाचली. भिंगरी म्हणजे माझी लेक. एका जागी पाय ठरत नाही, म्हणून हे नाव. तिला मी वाढवली म्हणणं जरा जास्तच होईल. ती दुकानात आपली आपण वाढली. बाप लांब पल्ल्याच्या गाड्यांवर, महिन्यातून चार दिवस घरी. मी खिळे ठोकायची आणि ही उसवलेल्या सोफ्याखाली उताणी पडलेली. मापाचा खडू माझाच घ्यायची आणि लाकडावर, गोणपाटावर मनाला येईल ते काढायची.

"आई, या खुर्चीत एक म्हातारा राहतो. त्याला स्प्रिंग टोचते."

"मग सांग त्याला, आजच बदलतेय."

आणि वरून कापड ठोकून मी मोकळी. गावातले निम्मे लोक तिच्या चित्रांवर बसलेत, त्यांना पत्ताही नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, पोरीला जरा शिस्त लावा. मी म्हणायची, शिस्त मी खिळ्यांना लावते, तेवढी पुरे.

फॉर्मसोबत घरून एक चित्र द्यायचं होतं. विषय, खुर्ची. भिंगरीने काढली ती खालून. ताणलेले पट्टे, स्प्रिंगा, लोंबणारा काथ्या, आणि मधला पट्टा असा खाली आलेला की वर कुणीतरी जाडजूड माणूस रागाने बसलाय हे न दिसताही कळत होतं. मी दहा मिनिटं बघतच राहिले. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू! मग माझी नजर खिळ्यांवर गेली. एक इकडे, एक तिकडे, दोन तर एकमेकांच्या अंगावर.

भिंगरी शाळेत होती. माझे हात शिवशिवायला लागले. सोफेवालीची पोर आणि खिळे असे? ते लोक हसतील, तेवढंच निमित्त करून हाकलतील. मी खोडरबर घेतलं, पट्टी घेतली, आणि सगळे खिळे खोडून एकेका बोटाच्या अंतरावर ओळीत बसवले. मग चित्र लिफाफ्यात घालून लिफाफा चिकटवून टाकला. भिंगरीला काही बोलले नाही.

मुलाखतीला आम्हा दोघींना बोलावलं. लांबलचक टेबल, त्यामागे चष्मा लावलेल्या एक बाई. त्यांनी चित्र उजेडाकडे धरलं, नखाने कागद चाचपला.

"हे कुणी काढलं?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. नऊच्या नऊ जागा आधीच वाटून झाल्या असणार, आता पोरीत खोट काढतायत!

"म्हणजे? माझी पोर काय चोर आहे?"

"या चित्रात दोन हात आहेत," बाई शांतपणे म्हणाल्या. "मोठ्यांनी हात लावलेलं चित्र आम्ही घेत नाही. फॉर्मवर लिहिलंय तसं." त्यांनी कागद भिंगरीपुढे सरकवला. "हे खिळे तुझे का गं?"

भिंगरीने पाहिलं. बदललेलं चित्र ती पहिल्यांदाच बघत होती. खिळ्यांवरून तिचं बोट हळूहळू शेवटपर्यंत फिरलं, मग तिने माझ्याकडे बघितलं.

"माझेच," ती म्हणाली. "मला कंटाळा आला होता, म्हणून पट्टीने काढले."

खुर्चीतल्या म्हाताऱ्याच्या थापा मारताना तिचे डोळे चमकायचे. आता ते टेबलावर खिळले होते. पोर माझ्यासाठी खोटं बोलत होती, आणि समोर बाईंनी नाव खोडायला पेन उचललं होतं.

"माझे आहेत," मी म्हणाले. "खिळे माझे. बाकी सगळं तिचं. तिला ठाऊकसुद्धा नव्हतं हो."

बाईंनी मला नीट न्याहाळलं. "आत्ता एक सांगत होतात, आता दुसरं. मी कशावरून विश्वास ठेवू?"

मी तरी कुणावर ठेवला असता?

"तुम्ही बाहेर बसा," बाई म्हणाल्या.

तासभर मी बंद दारासमोर बाकावर बसले. आत काय विचारत असतील, ही काय सांगत असेल, नाही नाही ते मनात आलं. दार उघडलं तेव्हा भिंगरीचे हात चित्राच्या कोळशाने कोपरापर्यंत काळे झाले होते. बाई तिच्या मागे उभ्या होत्या.

"जागा दिली आहे. घरी तिच्या कागदाला हात लावू नका."

रस्त्यात मी विचारलं, "काय काढलंस गं आत?"

"असंच."

एवढंच. जी पोर मला खुर्चीतल्या माणसांची दुखणी सांगायची, ती "असंच" म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती दुकानात काढत बसली होती. मी कात्री घ्यायला तिच्या मागून गेले, तर तिने डावा हात कागदावर आडवा टाकला. राग नव्हता त्यात.

"झालं की दाखवते हं, आई."

आता भिंगरी मोठी झालीय, तिची चित्रं बघायला परगावाहून लोक येतात. पेपरवाल्यांना ती सांगते, आईने मला कधीच अडवलं नाही, मोकळं सोडलं. मनापासून सांगते. मी तिची चित्रं प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांसोबत बघते, त्याआधी नाही. आणि कधी काही द्यायला तिच्या खोलीत शिरलेच, तर बोलता बोलता तिचा डावा हात कागदावर येतो. तिच्या ते लक्षातही येत नाही. मी दारातूनच मागे फिरते.