कोकराच्या कपाळी हळद

सदूचं लग्न ठरलं ते साल एकोणीसशे पंचावन्न. मुलगी श्रीवर्धनची, तुळशीचं लग्न झालं की बार उडवायचा, असं आधीच पक्कं झालं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सदू सुपारीच्या मचव्यावर खलाशी म्हणून मुंबईला गेला. त्याची आई रंगू रेवदंड्याच्या वाचनालयात झाडलोट करायची. नवरा गेल्यापासून तिला हा एकच.

त्या वर्षी वाचनालयात काचेच्या पेटीत एक बायबल मांडलं होतं. खाडीपलीकडच्या कोर्लईच्या म्हाताऱ्या इनासने ते अकरा वर्षं बसून हाताने लिहिलेलं. पानोपानी सोन्याचा वर्ख आणि रंगीत चित्रं. तिथल्या चर्चचं छप्पर दुरुस्तीला उतरवलं होतं म्हणून ते इथं आलं. गावोगावची माणसं बघायला यायची. दर रविवारी इनास तरीने खाडी ओलांडून यायचा, एक पान उलटायचा, कुठे रंग उडाला असेल तर हात द्यायचा. पेटी पुसायची म्हणून चावी रंगूकडे.

दसऱ्याला चिटणीस मार्तंडरावांनी कपाटातल्या पुस्तकांना हळदकुंकू वाहिलं आणि ते घरी गेले. पेटीतलं पुस्तक तेवढं कोरडं राहिलं. सणाच्या दिवशी पंगतीतून एकाला उठवावं तसं रंगूला वाटलं. तिने पेटी उघडली. चित्रात एक धनगर खांद्यावर पांढरंशुभ्र कोकरू घेऊन उभा होता. विधवेचा हात, म्हणून ती कुंकवाला शिवली नाही. ओल्या हळदीचं बोट तेवढं कोकराच्या कपाळी टेकवलं आणि हात जोडले.

दुपारी पाहते तर हळद नाही. तिथं लाल डाग, रक्तासारखा, कडेला ओघळलेला.

रंगूने बोट हुंगून पाहिलं, हळदच. मग हे लाल आलं कुठून? आणि कोकराकडे बघता बघता तिला सदूच दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी मार्तंडराव म्हणाले, "रंगू, सकाळपासून तिसऱ्यांदा काच पुसतेस. तिथं आरसा बसवून देऊ का?"

ती काचच पुसत राहिली. बघायला आलेली एक पोर म्हणाली, "आये, कोकराला लागलंय." रंगूने चटकन काचेवर फडकं धरलं.

शुक्रवारी वारा फिरला. कोळ्यांनी होड्या वर ओढल्या. सदूचा मचवा अजून परतला नव्हता. नवस बोलावा तर कुणाला? चूक घडली त्यांच्या देवापाशी, नवस आपल्या देवाला कसा चालेल?

रविवारी इनास आला. रंगूने चावी त्याच्या हातात दिली.

"इनासबाबा, माझ्या सदूला काय व्हायचं न्हाय ना?"

"त्याला काय झालंय?"

तिने सगळं सांगितलं. इनास पानावर वाकला, डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिला.

"हळद ओली व्हती?"

"व्हय."

"हा पांढरा रंग कशाचा, ठाव हाय? शिंपल्या भाजून केलेला चुना. मागच्या रविवारीच नवा हात दिलाय. तुमी घरी कुंकू कशाचं करता गं?"

"हळदीला चुना..." रंगू थांबली. "आता ते निघंल?"

"न्हाय. खरवडलं तर कागद फाटंल." तो पान उलटू लागला. "पुढच्या चित्रात या कोकराच्या गळ्याला रक्त लागायचंच हाय, बाय. तू चार पानं आधी लावलंस."

चुन्याचं रंगूला कळलं. पण ते शेवटचं बोलणं तिच्या काळजात रुतलं. अंधार पडेपर्यंत ती बंदरावर उभी राहिली. सोमवारी फाटक्या शिडाने मचवा आला. सदू उतरला आणि म्हणाला, "आये, भाकर हाय का?" तिने आधी त्याचं कपाळ चाचपलं, मग गळा.

मार्गशीर्षात लग्न झालं. इनासला पहिलं बोलावणं होतं. तो आला नाही. लग्नाच्या तीन दिवस आधी, चौदा डिसेंबर एकोणीसशे पंचावन्नला, इनास कोर्लईत आपल्या घरी तापाने वारला.