पापणीच्या आतलं

मंगळवारी आबांच्या मेंढरांची कातरणी होती, सोमवार तेवढा मोकळा होता. मोहिनीने तो दिवस धरला आणि वडिलांना सेनगावच्या शाळेत भरलेल्या नेत्रशिबिरात नेलं. आबांना, म्हणजे नामाजींना, सहा महिन्यांपासून कळपातलं लांबचं मेंढरू धूसर दिसत होतं. घरच्यांच्या मते मोतीबिंदू होता. आबांच्या मते मेंढरूच धूसर होतं.

खुर्चीत बसल्याबरोबर आबांनी स्वतःच खालची पापणी बोटाने ओढून दाखवली.

"बघा. लाल हाये. रगत बराबर हाये."

मेंढरांचं दुखणं त्यांनी जन्मभर असंच ओळखलं होतं. पापणी आतून पांढरी पडली की पोटात जंत, लाल असली की जनावर चांगलं.

"माणसाचं जरा आणखी आत पाहावं लागतं, बाबा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"पाहा की. तुमचंच घर समजा."

थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्या. बाईंनी भिंग लावून इतका वेळ आत पाहिलं की आबांनी विचारलं, "काई हरवलं का?" मग बाईंनी त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला.

"डोळ्याची तकलीफ अन् दंड बांधता?" आबा म्हणाले.

पट्टा सोडून बाईंनी मोहिनीला व्हरांड्यात नेलं. मोतीबिंदू किरकोळ होता. पण आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या आवळल्या होत्या, जागोजाग रक्त सांडलं होतं, नस सुजली होती. "हा डोळ्याचा आजारच नाही. रक्तदाब भयंकर वाढलाय. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हिंगोलीला नेऊन भरती करा."

"परवा नेलं तर चालेल?"

"आज," बाई म्हणाल्या आणि चिठ्ठीवरही तेच लिहिलं.

कातरणीला एकमेकांच्या कळपावर पाळीपाळीने जायची रीत होती. दुसऱ्या दिवशी चार गावची माणसं कातरी घेऊन आबांच्या दारात येणार होती. घरधनीच दवाखान्यात, तोही पापणी लाल असताना, हे आबांना पटवायचं म्हणजे भांडण. सहा महिने निघाले, तिथे एक दिवस निघेल, असा हिशेब मोहिनीने व्हरांड्यातल्या व्हरांड्यात केला.

आबा डोळे मिचकावत बाकावर बसले होते. "काय म्हणली?"

"मोतीबिंदू कच्चा हाये. बाकी डोळे बराबर हायेत."

"मंग? म्या काय म्हणलो?"

येताना जीपमध्ये त्यांनी तीन अनोळखी माणसांच्या पापण्या ओढून पाहिल्या. एकाला जंताचं औषध घ्यायला सांगितलं.

मंगळवारी सकाळी तिसरं मेंढरू कातरताना आबा म्हणाले, "डोकं लई दुखून राहिलं," आणि मेंढरावरच कलंडले. मेंढरू त्यांच्या अंगाखालून निसटून अर्ध्या लोकरीनिशी कळपात गेलं. उरलेली कातरणी त्याच माणसांनी आबा गेल्यावर पाचव्या दिवशी येऊन उरकली.

भेटायला माणसं येत राहिली. मोहिनीची आई सिंधूबाई प्रत्येकाला तेच सांगे, "आदल्या दिशीच तं तपासून आणलं. डॉक्टरीण म्हणली, समदं बराबर हाये." मग येणारा डॉक्टरणीला नावं ठेवी. मोहिनी चहा देई.

अकराव्या दिवशी शेजारच्या पारुबाई आल्या. त्या नावं ठेवण्याच्याही पुढे गेल्या. "आमच्या मालकालाबी धूसर दिसून राहिलं. त्या बाईकडंच नेणार व्हते. आता कशाला नेतेय? तिला काय कळतं, माती?"

"खरं हाये," सिंधूबाई म्हणाल्या.

मोहिनीने हातातला चहा खाली ठेवला.

"काकू, त्यायला तिथंच न्या."

"काहून गं?"

"तिला कळलं व्हतं. आबाला आजच भरती करा म्हणली व्हती." ती आईकडे वळली. "कातरणी होऊन जाऊ दे म्हणून म्या आबाला सांगितलं न्हाई. तुलाबी न्हाई सांगितलं, माय."