दोन मार्कांची पायरी

रुपलीने चष्मा खिडकीच्या उजेडात धरला आणि त्याच्या दांडीभोवती गुंडाळलेली चिकटपट्टी नखाने खरवडून पाहिली. पट्टीवर निळ्या शाईचा एक डाग तेवढा उरला होता. कालपर्यंत त्या डागात एका पेशंटचं पूर्ण नाव, वय आणि नोंदणी क्रमांक होता.

"ही पट्टी मनगटावर ठेवायची असते, अक्का," ती म्हणाली.

"हाव, पन दांडी तुटनी ना," खाटेवरच्या कमलबाई म्हणाल्या. "तुमनी पट्टी मोठी चिक्कट शे. वाया कसाले जाऊ देवानी?"

बाजूला उभ्या असलेल्या बोरसे मॅडमनी घड्याळ पाहिलं. मॅडम धुळ्याहून आलेल्या बाहेरच्या परीक्षक. जळगावातल्या त्या दवाखान्यात सकाळपासून त्यांनी नर्सिंगच्या अकरा मुलींची प्रॅक्टिकल घेतली होती. रुपली बारावी होती, आणि खालच्या खोलीतून शेवभाजीचा वास जिना चढून वर यायला लागला होता.

"पंधरा मिनिटांतली चार गेली," मॅडम म्हणाल्या.

रुपलीने चष्मा परत केला, हात पुन्हा धुतले आणि ट्रेपाशी येऊन उभी राहिली. ट्रेमध्ये स्पिरिटचा बोळा होता आणि आठ युनिट इन्सुलिन भरलेली सिरिंज होती. जेवणाआधी द्यायचं, पोटावर किंवा दंडावर. तिने हे इंजेक्शन वसतिगृहात उशीला इतक्या वेळा दिलं होतं की त्या उशीची साखर आता आयुष्यभर वाढणार नव्हती.

नापास झाली तर सहा महिने पुन्हा. तेही एक वेळ चाललं असतं. पण तिकडे चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, तिचा बाप चैत्राम अख्ख्या पाड्याला सांगून बसला होता की पोरगी सिस्टर झाली. ती अजून पहिल्याच वर्षाला आहे हा तपशील त्याने गाळून टाकला होता. रुपली सुट्टीला घरी गेली की दारात गळवं दाखवायला रांग लागायची. आता नापास झाले म्हणून त्या रांगेला काय सांगायचं?

आणि ही पायरी तर यादीतली पहिली. पेशंटची ओळख पटवणे. वर्गात बाईंनी घोकून घेतलं होतं की नाव आपण सांगायचं नाही, पेशंटच्या तोंडून पूर्ण नाव वदवून घ्यायचं. कारण 'तुम्ही अमुक ना?' असं विचारलं की आपल्याकडचा पेशंट 'हाव' म्हणतो. सिस्टर एवढ्या आपुलकीने विचारतेय, तिला नाही कसं म्हणायचं, असा त्याचा हिशेब असतो.

त्यात भर म्हणजे वॉर्डात कमलबाई पाटील दोन होत्या. सात नंबरला एक, आठ नंबरला एक. दोघी एकाच गावच्या, दोघींचं वय केसपेपरवर पासष्ट. एकीला साखरेचा त्रास, दुसरीला लघवीच्या संसर्गाने ताप. नोंदणी क्रमांक सोडला तर फाईलींवर दोघींच्या नावांत फरक होता तो मधल्या नावाचा, म्हणजे नवऱ्याच्या नावाचा. सात नंबरच्या फाईलीवर लिहिलं होतं: कमलबाई अभिमन पाटील, इन्सुलिन. अर्ध्या तासापूर्वी सिस्टरांनी तपासलेली साखरही खाली लिहिली होती, दोनशे ऐंशी. त्यानंतर मात्र मॅडम या वॉर्डात यायच्या म्हणून उठता-चालता येणाऱ्या सगळ्या बायकांना व्हरांड्यात उभं करून वॉर्ड धुवून काढला होता, चादरी बदलल्या होत्या. आठ नंबरची खाट आत्ता रिकामी होती. ती बाई हात-तोंड धुवायला गेली होती.

"तुमचं पूर्ण नाव सांगा, अक्का," रुपली म्हणाली.

"कमलबाई." मग मध्ये एवढी मोठी जागा सोडून, "पाटील."

"मधलं?"

"मधला त्या बाहेर बठेल शेतस ना."

"ते बसले आहेत ते कळलं. त्यांचं नाव काय?"

कमलबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की रुपलीलाच आपण काहीतरी वावगं बोललो असं वाटलं.

"प्रकाशना बाप," त्या हळूच म्हणाल्या.

"प्रकाशच्या बापाचं नाव?"

"आते माय! ते मी कशी लिसू? पन्नास वरीसमां नही लिधं." आणि मग मार्ग दाखवावा तशा म्हणाल्या, "तूच जाय ना, त्यास्लेच इचारी ये."

पण भरलेली सिरिंज सोडून जागचं हलायचं नाही, हाही नियमच होता आणि त्यालाही मार्क होते. नातेवाइकांना वॉचमनने व्हरांड्याच्या पलीकडे हाकलून दिलं होतं. रुपलीने विचारलं, लिहून दाखवाल का. लिहिता येत नव्हतं. आधार कार्ड? ते 'त्यास्नाजोडे' होतं, सदऱ्याच्या आतल्या खिशात. गोड खाणं बंद केलंय का, असं विचारल्यावर कमलबाई म्हणाल्या, "हाव, डॉक्टरनी बठ्ठं बंद करेल शे," आणि मीठ बंद केलंय का, असं विचारल्यावरही तेच म्हणाल्या.

"नाव ले ना वं!" पलीकडून पाच नंबरच्या ताईबाई ओरडल्या. त्यांच्या पायाला प्लॅस्टर होतं आणि पंधरा दिवसांत करमणुकीचा म्हणून काही प्रसंग आला नव्हता. "उखाना ले! उखानामां चालस!"

झालं. सगळ्या वॉर्डाला तोंड फुटलं. सलाइन लावलेल्या बाईसुद्धा उठून बसल्या. कमलबाईंनी आधी नाही-नाही म्हटलं, मग डोक्यावर पदर घेतला, मांडी नीट घातली आणि घसा खाकरला.

"सातपुडाना पायथाले कापूस फुटना पांढरा..."

वॉर्ड श्वास रोखून थांबला. कमलबाई लाजल्या आणि खाली पाहू लागल्या.

"तो भुली गऊ. दुसरा लेस."

दुसऱ्यात केळीची बाग आली, तिसऱ्यात तापी आली, चौथ्यात पितळी तांब्या आला. पहिल्या ओळींचा बाईंकडे काही तोटा नव्हता. दुसऱ्या ओळीत नवरा यायचा आणि तिथे गाडी अडायची. प्रत्येक ओळीला बायका टाळ्या मात्र मनापासून वाजवत होत्या.

"मुली," बोरसे मॅडम शेवटी म्हणाल्या, "नऊ मिनिटं झाली. या पायरीला पन्नासपैकी दोन मार्क आहेत. दोन सोड आणि पुढे चल. खाट सात नंबरची, फाईल सात नंबरची, पेशंट समोर. अजून काय पाहिजे?"

मॅडम वाईट बोलत नव्हत्या. उलट, वाचवतच होत्या. रुपलीने मनातल्या मनात बेरीज केली. दोन गेले तर अठ्ठेचाळीस उरतात, पास व्हायला पंचवीस लागतात. तिने स्पिरिटचा बोळा उचलला.

"टोची दे माय," कमलबाईंनी आनंदाने चोळीची बाही वर सारली. "तीन दिन व्हयनात, नुसत्या गोळ्या दी ऱ्हायनात. सुईबिगर दवाखाना कसाना?"

रुपलीने दंड पुसला. दंड मऊ आणि सुरकुतलेला होता, वर गोंदलेली तुळस होती. तिने सिरिंज उचलली, उजेडात धरली, टोपण काढलं. आणि मग तिला वाटलं की हे आपल्याच्याने होणार नाही. तीन दिवस नुसत्या गोळ्या, असं बाई म्हणाल्या होत्या. म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याचा भरवसा नसतो, हे खरं. पण पट्टी पुसलेली आणि नाव अर्धं, एवढ्यावर सुई कशी टोचायची? हात बारीक थरथरायला लागला. तिने टोपण पुन्हा लावलं नाही, कारण वापरायला काढलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नसतं. सिरिंज तशीच ट्रेमध्ये ठेवली आणि ती स्टुलावर बसली.

मॅडमनी पेन टेकवलेला हात थांबवला.

"अक्का," रुपली म्हणाली, "मी खरं सांगते. हे औषध ज्याच्या रक्तात साखर वाढलीय त्याच्यासाठी असतं. ज्याला साखर नाही त्याला दिलं, तर जेवणाचं ताट येईपर्यंत माणूस घामाघूम होतो, शुद्ध जाते. जीवही जाऊ शकतो. तुम्ही त्या कमलबाई का ह्या कमलबाई, मला माहीत नाही. मला भीती वाटतेय."

कमलबाईंनी तिच्या हाताकडे पाहिलं. मग तोंडाकडे पाहिलं.

"घाबरनी का वं तू?"

"हो."

"इतलीशी पोर, आनि इतली थरथर कापी ऱ्हायनी," कमलबाई जराशा रागावूनच म्हणाल्या. तो राग कुणावर होता हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी बाही खाली ओढली, पदर सारखा केला आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"झुलाल," त्या म्हणाल्या. "कमलबाई झुलाल पाटील."

आता यात एक गोष्ट अशी की कमलबाईंचा सगळा जन्म शेतात गेलेला. या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला हाक मारायची सवय, त्यामुळे हळू म्हणजे अगदी हळू, नाही तर पूर्ण मोठ्याने, असे त्यांच्या आवाजाचे दोनच प्रकार होते. लाज सोडायचीच म्हटल्यावर त्यांनी दुसरा वापरला.

रुपलीने खाटेच्या पायथ्याची फाईल उचलून पाहिली. अभिमन. तिने ती मॅडमपुढे धरली. मॅडमनी चष्मा नाकावर खाली घेऊन ते नाव वाचलं.

"तुम्ही आठ नंबरच्या, अक्का?" रुपलीने विचारलं.

"खाटना का नंबर ऱ्हास? व्हरांडामाथून मझार उनूत तवय तिना पाय गार पडी ऱ्हायंतात पंखाखाले. माले ते गरम व्हस. मी म्हनं, तू आठे निज, मी तठे निजस."

तेवढ्यात दारात गलका झाला. पांढरी टोपी घातलेला एक उंच, वाकलेला म्हातारा वॉचमनचा हात बाजूला सारून उंबऱ्यात उभा होता.

"कोन्ही हाक मारी माले?" त्याने विचारलं.

"बायकांचा वॉर्ड आहे, आबा, आत यायचं नाही," वॉचमन म्हणाला.

"मन्हं नाव लिधं कोन्हीतरी. मझारथीन आवाज उना."

कमलबाईंनी पदर नाकापर्यंत ओढून घेतला होता. पाच नंबरच्या ताईबाईंनी उशीत तोंड खुपसलं. झुलालआबांनी या खाटेवरून त्या खाटेवर नजर फिरवली, ती सात नंबरपाशी आली आणि थांबली. त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली.

"बरं," ते म्हणाले. "बरं, बरं." आणि वॉचमनने न सांगताच मागे फिरले.

ते गेले आणि दुसऱ्या कमलबाई तोंड पुसत आत आल्या. ट्रे पाहून त्या म्हणाल्या, "मन्ही सुई ऱ्हायनी ना वं? भूक लागनी माले." पट्टी त्यांच्या मनगटावर होती, आणि अभिमनचं नाव मात्र त्यांनी विचारताक्षणी घेतलं. अभिमनला जाऊन बारा वर्षं झाली होती आणि त्याच्या नावाने कचेरीत इतक्या अर्जांवर अंगठा उठवला होता की लाजायला काही शिल्लक उरलं नव्हतं.

"मॅडम, एकच मिनिट राहिलंय," रुपली म्हणाली.

"पेशंट आत्ता आलीय," बोरसे मॅडम म्हणाल्या. "वेळ आत्तापासून. नवी सिरिंज घे." मग कागदावरच्या पहिल्या रकान्यात त्यांनी दोन लिहिले. दोनाच्या वर त्या रकान्यात जागा नव्हती. त्या शेवभाजीला पाऊण तास उशिरा गेल्या आणि जाण्याआधी त्यांनी उभ्या उभ्याच वॉर्डातल्या सगळ्या पट्ट्या तपासल्या. रुपली बेचाळीस मार्कांनी पास झाली, हे संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिची त्याच वॉर्डात ड्युटी होती. पेशंट आपापल्या खाटांवर परत गेले होते. आठ नंबरच्या कमलबाईंच्या मनगटावर नवी कोरी पट्टी होती, न पुसणाऱ्या शाईची, आणि चष्म्याची दांडी कोणीतरी दोऱ्याने बांधून दिली होती. सकाळच्या वेळी नातेवाइकांना आत सोडत. खाटेशेजारी स्टुलावर झुलालआबा बसले होते. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा.

रुपलीने गोळीची वाटी ठेवली आणि पट्टी वाचायला कमलबाईंचा हात हातात घेतला.

"पट्टी कसाले पाहस वं पोरी?" झुलालआबा म्हणाले. "पट्टीवर काय भरोसा? तिलेच इचार."

कमलबाईंनी मान भिंतीकडे वळवली. "कालदिन सांगं ना मी."

रुपलीने हात खाली ठेवला. "प्रत्येक डोसाला विचारावं लागतं, अक्का. नियमच आहे."

"कितला डोस शेतस दिनमां?" आबांनी विचारलं.

"तीन."

झुलालआबांनी मान डोलावली आणि स्टूल खाटेच्या आणखी जवळ ओढलं.